सात मिनिटांचं गाणं सात मिनिटं वाजू द्या

प्रति,
सांगली, मिरज आणि सातारा परिसरातल्या महाविद्यालयीन महोत्सवांचे आयोजक, बँड स्पर्धांचे परीक्षक आणि नियमपत्रिका ठरवणारे प्राध्यापक यांस,

विषय : आयर्न मेडन या बँडचं ‘हॅलोड बी दाय नेम’ हे गाणं स्पर्धेत पूर्ण वाजवू देणे आणि त्यासाठी लागणारी मंचव्यवस्था.

सप्रेम नमस्कार.

हिवाळ्यात महोत्सवांच्या नियमपत्रिका निघतात आणि पाश्चात्त्य समूहवादनाच्या गटात कुठला ना कुठला बँड हे गाणं निवडतो. मग नियम आडवा येतो. गाण्याला पाच मिनिटं, किंवा मंचावर चढण्यापासून उतरण्यापर्यंत सगळं धरून आठ. मुलं गाणं कापतात. सुरुवातीचा संथ भाग निम्मा होतो, मधलं वादन उडतं, आणि उरतो एक वेगवान, कर्कश तुकडा. तो कोणाबद्दल आहे, काय चाललंय, काही कळत नाही. परीक्षक त्याला गोंगाट म्हणतात. जेवढं ऐकलं तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं चूकही नसतं.

आम्ही या भागात हे संगीत वाजवणारे, शिकवणारे आणि मंचाचा आवाज सांभाळणारे लोक आहोत. आमचं म्हणणं असं की हे गाणं म्हणजे एक स्वगत आहे आणि त्याला स्वगताच्याच नियमांनी वागवायला हवं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणलं त्या सांगलीत स्वगत म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. घंटा झाली म्हणून नटाला स्वगताच्या मध्यावर कोणी विंगेत बोलावत नाही.

आधी गाण्याविषयी, कारण ते न ऐकताच त्याच्यावर आक्षेप घेतले जातात. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ हा अल्बम २२ मार्च १९८२ रोजी आला. हे त्यातलं शेवटचं गाणं, ७ मिनिटं ११ सेकंदांचं. लिहिलं बासवादक स्टीव्ह हॅरिस यांनी. गायक ब्रूस डिकिन्सन यांचा या बँडबरोबरचा हा पहिला अल्बम आणि ड्रमवादक क्लाइव्ह बर यांचा शेवटचा. गिटारवर डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ. २००८ च्या फेब्रुवारीत हा बँड मुंबईत वाजवून गेला, तेव्हाही कार्यक्रमाचा शेवट याच गाण्याने झाला होता. त्यांच्या मंचावर याची जागा बहुतेक वेळा शेवटाकडेच असते. एवढं भरल्यानंतर दुसरं काही वाजवायला जागा राहत नाही, हे त्याचं साधं कारण.

गाण्यात बोलतो तो फाशीची वाट पाहणारा कैदी. थंड कोठडीत बसला आहे, घंटा वाजायला लागली आहे, पाच वाजता न्यायला येणार आहेत. सुरुवातीला तो आश्चर्य वाटावं इतका शांत असतो. पाद्री अखेरची प्रार्थना म्हणायला येतो तेव्हा तो गजांतून बाहेरच्या जगाकडे शेवटचं बघून घेतो. इथून पुढे शांतपणाला तडे जातात. कुठे काही चूक तर झाली नाही ना? हे स्वप्न तर नाही? मरणाची भीती नाही म्हणतो आणि डोळ्यांतून पाणी येतं, आणि ते का येतंय हे त्यालाच कळत नाही. पहारेकरी अंगणातून नेत असताना दुसऱ्या एका कोठडीतून कोणीतरी देवाचं नाव घेऊन निरोप देतं, आणि त्यावरून त्याच्या मनात देवाबद्दलचाच प्रश्न उभा राहतो. शेवटी तो मागे राहणाऱ्यांशी बोलतो : आत्मा राहतो, माझी काळजी करू नका, इथलं जगणं हा एक विलक्षण भास आहे. मायेचा हा विचार आपल्याकडच्या श्रोत्याला परका नाही. कीर्तनात वाढलेला माणूस इथे लगेच मान डोलावेल, फक्त शब्द त्याच्या कानापर्यंत पोचले पाहिजेत.

दोन गोष्टी गाण्यात नाहीत, त्याही लक्षात घ्या. कैद्याचा गुन्हा काय ते कुठेही सांगितलेलं नाही, म्हणजे गुन्ह्याचं उदात्तीकरण होण्याचा प्रश्नच येत नाही. आणि दोर गळ्यात पडण्याचा क्षण वर्णिलेला नाही. चालता चालता जीवन डोळ्यांपुढून जातं आणि पुढचं बोलणं पलीकडून येतं. अल्बमच्या नावामुळे (‘श्वापदाचा अंक’, बायबलमध्ये सैतानाशी जोडलेला) १९८२ मध्ये अमेरिकेतही काहींनी या बँडला सैतानाचा उपासक ठरवलं होतं. या गाण्याचं शीर्षक, ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’, मात्र ख्रिस्ती माणूस रोज म्हणतो त्या प्रभूच्या प्रार्थनेतलं आहे. मिरजेच्या चर्चमध्ये ती मराठीतून म्हटली जाते. धार्मिक भावना दुखावतील म्हणून गाणं यादीतून काढणाऱ्यांनी एवढं तपासून पाहावं.

आता कापाकापीबद्दल. या गाण्यात कडवं आणि धृपद यांची फेर धरणारी रचना नाही. गोष्ट सरळ रेषेत जाते, आणि शीर्षकाची ओळ अगदी शेवटी, लांबलचक वादनानंतर येते. त्यामुळे ‘एक कडवं कमी करा’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. सुरुवात कापली तर कैद्याची शांतता जाते, आणि पुढे ती मोडते म्हणजे काय मोडतं तेच कळत नाही. मधलं वादन कापलं तर शब्द संपल्यापासून शेवटच्या हाकेपर्यंतचा प्रवास जातो. त्याच भागात लय चढते आणि दोन्ही गिटारवादकांचे एकल तुकडे येतात. कैद्याचं बोलणं संपल्यावर जे घडतं ते वाद्यं सांगतात. त्याला जागा भरायचा मालमसाला समजणं हा या रचनेबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज आहे.

म्हणून पहिली मागणी वेळेची. गाण्याला ७ मिनिटं ३० सेकंद द्या. मांडणीला त्याखेरीज ६ मिनिटं द्या. घड्याळ पहिल्या घंटेच्या ठोक्याला सुरू करा, माइकवरच्या पहिल्या ‘चेक’ला नाही. स्पर्धा लांबेल अशी भीती असेल तर वेळ दुसरीकडे वाचवता येतो. सगळ्या बँडना एकच ड्रमसेट आणि तेच दोन गिटार अँप, एक बास अँप ठेवा. ड्रमवादकाने फक्त स्नेअर, झांजा आणि पेडल आपलं आणावं. दर बँडला पूर्ण संच उतरवून चढवण्यात पंधरा मिनिटं जातात. सामायिक संचावर तीच अदलाबदल पाच-सहा मिनिटांत उरकते.

मुलांना सरावात मदत करणारे प्राध्यापकही हे पत्र वाचतील, म्हणून वाजवताना नेमकं कुठे बिघडतं ते सांगतो.

सर्वांत जास्त बँड लयीत मार खातात. गाण्याला तीन चाली आहेत : संथ सुरुवात, कडव्यांची मध्यम चाल, आणि शेवटच्या वादनातली दौड. उत्साहात कडवंच जोरात उचललं जातं, मग पुढे चढायला जागा राहत नाही. दौड सुरू झाली की गिटारवादकाचं मनगट आखडतं आणि ड्रमवादक घसरतो. उपाय म्हणजे लय शेवटाकडून ठरवणं. शेवटचा भाग सगळ्यांना न अडखळता, दात-ओठ न खाता सलग दोन मिनिटं वाजवता येईल ती लय मेट्रोनोमवर (ठोके मोजून देणाऱ्या यंत्रावर) शोधा आणि लिहून ठेवा. मग कडव्याची लय तिच्याखाली एवढी ठेवा की बदल श्रोत्याला अंगावर जाणवेल. बँडची ताकद कमी असेल तर तिन्ही चाली थोड्या उतरवा, पण त्यांच्यातलं अंतर राखा. मूळ रेकॉर्डच्या वेगाशी शर्यत लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दौडीचा ठेका म्हणजे एक लांब आणि दोन आखूड ठोके, घोड्याच्या टापांसारखे. मिनिटाला १४० ठोक्यांच्या लयीत दोन आखूड स्वरांमध्ये जेमतेम ०.१ सेकंद मिळतो. बासच्या सर्वांत जाड तारेचं कंपन सेकंदाला ४१ वेळा होतं. म्हणजे एका आखूड स्वराच्या वाट्याला तिची चार-साडेचार आवर्तनं येतात. एवढ्याशा वेळात कानाला स्वर कळतो तो तारेवर बोट आपटल्याच्या आवाजावरून आणि वरच्या कंपनांवरून. म्हणून बासवादकाने अँपवर खालचा आवाज वाढवून उपयोग नसतो, ८०० हर्ट्झ (सेकंदाला ८०० कंपनं) ते २ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग उचलावा लागतो. हॅरिस स्वतः बोटांनी वाजवतात. पिकने वाजवायला हरकत नाही, पण बोटांना जो धक्का हवा तो तारा फार खाली बसवल्या तर मिळत नाही, नुसती खडखड येते.

दोन गिटारींचा मेळ हा या गाण्याचा जीव आहे आणि सगळ्यांत बेफिकिरीने केला जाणारा भागही तोच. मुख्य धून ई मायनर या पाश्चात्त्य स्वरपट्टीत आहे. दुसरी गिटार तीच धून वरच्या तिसऱ्या स्वरावरून वाजवते. बरेच मुलगे दुसरी गिटार सरसकट तीन फ्रेट (गिटारच्या मानेवरची अर्ध्या-अर्ध्या स्वराची घरं) वर नेतात. तिथेच बेसूर होतं, कारण अंतर प्रत्येक स्वराला वेगळं आहे. ई वरून जी तीन फ्रेट, एफ शार्प वरून ए तीन, पण जी वरून बी चार. ए वरून सी आणि बी वरून डी पुन्हा तीन, तर सी वरून ई आणि डी वरून एफ शार्प चार. ही अंतरं कागदावर लिहून, आधी स्वच्छ आवाजात, डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) न लावता घोटा. मग डिस्टॉर्शन लावा, आणि तेही घरी एकटं वाजवताना आवडतं त्याच्या अर्ध्यावर. दोन गिटारींचं डिस्टॉर्शन भरपूर असलं की दोन्ही स्वरांच्या मिश्रणातून तिसरेच खडबडीत स्वर तयार होतात आणि मेळ चिखलात जातो. मिरजेत तंतुवाद्यं घडतात. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या गावात श्रोत्यांमध्ये जवारी (तारेच्या स्वरातली गुंजन) ऐकणारे कान बसलेले असतात. अर्धा स्वर हलला तरी त्यांना कळतं, गाणं इंग्रजी आहे म्हणून ते सूट देणार नाहीत, आणि देऊही नये.

थंडीचंही सांगायला हवं. डिसेंबर-जानेवारीत मुलं उबदार खोलीत तारा जुळवून उघड्या मंचावर येतात. गार हवेत पोलादी तार आकसते आणि स्वर चढतो. मंचावरच्या दिव्यांच्या धगीत तो पुन्हा उतरतो. वाद्यं मंचाच्या कडेला, बाहेरच्या हवेत, किमान दहा मिनिटं ठेवा आणि मग जुळवा.

गायकाला मूळ पट्टी झेपत नसेल तर सगळ्या तारा अर्धा किंवा एक स्वर उतरवाव्यात. यात कमीपणा काही नाही. मुलींच्या आवाजाला मात्र अनेकदा मूळ पट्टीच सोयीची पडते, उगाच बदलू नये. गायकाची खरी परीक्षा संथ भागाच्या शेवटी आहे, जिथे शेवटचा शब्द लांब धरला जातो आणि पूर्ण बँड त्याच्याखालून उसळतो. त्याआधीच्या ओळीत श्वास कुठे घ्यायचा हे पेन्सिलने खूण करून ठरवा. आपल्याकडे तयार गळ्याच्या गायकाला अशा लांब स्वरावर हरकत घ्यावीशी वाटते. इथे स्वर सरळ, न हलवता धरला तरच मागून येणाऱ्या वाद्यांचा धक्का बसतो.

आता घंटेकडे येऊ. पहिला ठोका पडतो तिथे कोठडी उभी राहते, आणि स्पर्धांमध्ये सगळ्यात केविलवाणी गोष्ट हीच असते.

बहुतेक बँड मोबाइलमधून घंटेचा आवाज सोडतात. चालेल, पण मोबाइल एअरप्लेन मोडवर असला पाहिजे. तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या असतील तर घंटेचा नमुनाही तेवढाच उतरवलेला असला पाहिजे. हे हमखास विसरलं जातं. मग गिटार एका पट्टीत आणि घंटा दुसऱ्या, आणि बिचाऱ्या गायकाला आपणच बेसूर झाल्यासारखं वाटतं. घंटेचा स्वर ई किंवा बी असावा. आवाज मिक्सरच्या स्वतंत्र चॅनेलमधून यावा, बासच्या बॉक्सकडे जाऊ नये, आणि ड्रमवादकाच्या मॉनिटरमध्ये (त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) असावा, कारण पहिलं मिनिट तोच त्यावर मोजत असतो.

खरी घंटा हवी असेल तर देवळातली उचलून आणू नका. त्या घंटा ठरावीक स्वराला जुळवलेल्या नसतात, आणि ट्यूनर अ‍ॅप त्यांच्या अनेक कंपनांत गोंधळून जातं. युरोपीय चर्चच्या जुळवलेल्या घंटेत मूळ स्वरावर कोमल गंधाराच्या अंतरावरचं एक ठळक कंपन असतं. ई मायनरसारख्या पट्टीत तिचा आवाज बसतो याचं एक कारण ते. तसली एक घंटा आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर टांगलेली पोर्तुगीज घंटा, १७०७ सालची, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली. मुलांनी ती जाऊन बघावी.

मंचासाठी घंटा घरी बनवता येते. हार्डवेअरच्या दुकानातून दीड इंची जीआय पाइप आणा, साधारण दीड मीटर. वरच्या टोकाजवळ आरपार भोक पाडून जाड नायलॉन दोरीने लाकडी चौकटीला टांगा. वरच्या कडेवर, चामडं गुंडाळलेल्या लाकडी हातोडीने मारा. लोखंडी हातोडीने मारलं तर भांडं पडल्यासारखं वाजतं. स्वर जुळवायचा तो कापून. पाइपचा स्वर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून अर्धा स्वर चढवायला लांबी जवळपास २.८ टक्के कमी करावी लागते, मीटरला २८ मिलिमीटर. एकदम कापू नका, थोडं थोडं कापा आणि शेवटी कानस वापरा, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. स्वर ट्यूनरवर न बघता गिटारचा ई वाजवून कानाने ताडून पाहा. असल्या नळीत कानाला जो स्वर ऐकू येतो तो तिच्या वरच्या कंपनांच्या गुणोत्तरातून कानाने बांधलेला असतो, यंत्राला तो सापडेलच असं नाही. माइक एक फूट अंतरावर ठेवा. एक ठोका पूर्ण विरू द्या. घाईने दुसरा मारला की फाशीची घंटा शाळा सुटल्याची होते.

यापुढचं आयोजकांनी आपल्या साउंडवाल्याला वाचून दाखवावं.

पटांगणातल्या मंचाला सहसा मिरवणुकीचा टॉप-बेसचा संच लागतो. त्याचे बासचे बॉक्स एकसुरी दणक्यासाठी फुगवलेले असतात. दौडीच्या भागात त्यातून सलग घरघर येते. बास गिटारला ४० हर्ट्झच्या खाली कापा, २०० ते २५० हर्ट्झमध्ये थोडं उतरवा. गायकाच्या माइकला १०० हर्ट्झच्या खाली कापा. चॅनेल फार लागत नाहीत : किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) एक, स्नेअरला एक, टॉमना दोन, वरून दोन, बासचा डीआय (वाद्याचा आवाज थेट मिक्सरला देणारा डबा), दोन गिटार, मुख्य गायक, एक साथीचा आवाज आणि घंटा. बारा झाले. सोळा चॅनेलचा साधा मिक्सर पुरतो.

गायकाचा माइक ही खरी अडचण आहे. सुरुवातीला तो हलक्या आवाजात गातो, म्हणून साउंडवाला गेन (माइकची संवेदनशीलता) चढवतो. मिनिटभराने तोच गायक पूर्ण ताकदीने येतो आणि आवाज फाटतो किंवा शिट्टी मारतो. साउंड चेक म्हणून पहिल्या दोन ओळी गाऊन घेण्याला म्हणूनच काही अर्थ नाही. आधी सगळ्यात मोठा आवाज काढून घ्या, त्यावर गेन बसवा, कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) ४:१ वर ठेवा, आणि हलका भाग फेडरने वर आणा. गायकानेही मोठ्या स्वराला माइकपासून वीतभर मागे जायला शिकावं. साउंडवाल्याला गाणं माहीत नसतं, हे गृहीत धरून बँडने एक कागद द्यावा : कुठे हलकं, कुठे एकदम मोठं, कुठे कोणती गिटार एकटी वाजते. तो कागद स्वीकारा, असं नियमातच लिहा.

स्वच्छ गिटारच्या सुरुवातीत जनरेटरची घूं सगळ्यात जास्त ऐकू येते. अर्थिंग नीट घ्या, मंचावरची सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच फेजवर ठेवा, दिव्यांच्या डिमरची लाइन वेगळी करा. घूं थांबवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याची एक जीवघेणी सवय आहे. तार धरलेला हात आणि माइकला लागलेले ओठ यांच्यातून विजेचा धक्का बसतो. हा प्रकार कोणालाही करू देऊ नका. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते त्यासाठीच आहे.

मंच कुठल्या तोंडाने बांधायचा तेही बघा. समोर ३० मीटरवर महाविद्यालयाच्या इमारतीची सपाट भिंत असेल तर आवाज जाऊन परत यायला सुमारे ०.१७ सेकंद लागतो. वर सांगितलेल्या ०.१ सेकंदाच्या ठोक्यांवर हा प्रतिध्वनी येऊन पडला की ऐकणाऱ्याला ठेका लागत नाही. मोकळ्या मैदानाकडे किंवा झाडांकडे तोंड करा. बंदिस्त नाट्यगृहात उलट काळजी घ्यायची. ती वास्तू बोललेला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत नेण्यासाठी असते, त्यामुळे संथ भाग सुंदर पोचतो आणि ड्रम अंगावर येतात. तिथे ड्रमला माइक फक्त किकपुरता द्या. ड्रमखाली सतरंजी आणि तिच्यापुढे प्लायवुडला ठोकलेली लाकडी पट्टी हवीच, नाहीतर दौडीच्या भागात किक ड्रम पुढे सरकत जातो आणि पेडल निसटतं.

रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला परवानगी नाही, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सर्वांना ठाऊक आहेत. स्पर्धा रेंगाळते आणि शेवटच्या बँडला पावणेदहाला चढवून घाईने उतरवलं जातं. लांब गाणी साडेआठच्या आत घ्या.

मंचावर फाशीचा दोर लावायला मनाई करा. ही मागणी आम्ही वाजवणारेच करत आहोत. प्रकाशयोजनेच्या सांगाड्याला लटकवलेला दोर अपघाताला आमंत्रण देतो. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांमध्ये कोण कोणत्या मनःस्थितीत आहे हे आपल्याला माहीत नसतं. गाण्यातच तो क्षण नाही, तर तो मंचावर आणायचं कारणही नाही. निवेदकाने आधी दोन वाक्यांत विषय सांगावा, एवढं पुरे. वेशभूषेला गुण असतील तर या गटातून ते काढून टाका आणि तेच गुण लयीच्या बदलांना, गिटारींच्या मेळाला, हलक्या-मोठ्या आवाजाच्या सांभाळाला आणि शब्दांच्या स्पष्टतेला द्या. परीक्षकांना गाण्याचे शब्द आणि त्यांचा मराठी आशय एका पानावर आधी द्यावा.

हक्कांबद्दल थोडक्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१) मध्ये शैक्षणिक संस्थेच्या कर्मचारी-विद्यार्थ्यांनी केलेल्या सादरीकरणाला सवलत आहे, पण श्रोते संस्थेतले कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक एवढेच असतील तर. तिकीट लावून बाहेरचे लोक घेतले की ती सवलत धरता येत नाही, आणि रचनेच्या सादरीकरणाचा परवाना घ्यावा लागतो. हे काम आयोजकांचं आहे, मुलांवर ढकलू नये.

आणि एक सूचना मनापासून. या विषयावर स्वतः रचलेल्या मराठी रॉक गाण्यासाठी वेगळा गट ठेवा. साताऱ्यात गेंडामाळावर ८ सप्टेंबर १८५७ रोजी १७ जणांना मृत्युदंड दिला गेला : पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. त्यांच्यापैकी एकाचं आदल्या रात्रीचं स्वगत हा विषय कोणत्याही बँडला पुरून उरेल. आजचा कैदी घ्यायचा असेल तर लिहिणाऱ्याने कायदा वाचून घ्यावा. सत्र न्यायालयाच्या फाशीला उच्च न्यायालयाची पुष्टी लागते. दयेचा अर्ज राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे जातो. तो फेटाळल्याचं कळवल्यानंतर फाशीपर्यंत किमान १४ दिवस गेले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. इंग्रजी गाण्यातल्या कैद्याकडे काही तास आहेत, आपल्याकडच्याला निदान हे १४ दिवस मिळतात, आणि त्या दिवसांचं गाणं वेगळं होईल. पोवाड्याची बांधणी इथे उपयोगी पडेल. शाहीर गोष्ट सांगता सांगता पात्राच्या तोंडून बोलायला लागतो आणि झीलकरी त्याला उचलून धरतात. अण्णा भाऊ साठ्यांच्या वाटेगावच्या आणि पठ्ठे बापूरावांच्या रेठऱ्याच्या मातीतल्या मुलांना ते वेगळं शिकवावं लागणार नाही. डफ घेतला तर तो थंडीत दवाने उतरतो, शेकायला मंचामागे सोय ठेवा.

पुढच्या हंगामाच्या नियमपत्रिका छापायला जाण्याआधी वेळेचा नियम, सामायिक संच आणि गुणांची विभागणी या तीन गोष्टींवर बैठक घ्यावी, ही विनंती. बारा चॅनेलची यादी, मंचाचा आराखडा आणि साउंडवाल्याला द्यायच्या कागदाचा नमुना आम्ही मराठीत तयार करून देऊ. पाइपची घंटाही घेऊन येऊ.

कळावे,
आपले,
सांगली, मिरज आणि साताऱ्यातले काही वादक, शिक्षक आणि ध्वनिव्यवस्थापक